टेबलावरचा डबा

कामात मी त्याच्यापेक्षा वरचढ होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडखळणार नाही.

आम्ही दोघं तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो. प्लांटवरचे प्रेशर दाखवणारे गेज, थर्मामीटर, व्हॉल्व्ह ठीक ठेवायचे, हे आमचं काम. बिघडलेला गेज टेबलावर आला की मी तो उघडायचो, चांगल्या गेजशी ताडून काटा कुठे चुकतो ते बघायचो, कार्डावर लिहायचो आणि मगच काच बसवायचो. तो काय करायचा, तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं गेजच्या डोक्यावर टकटक. काटा जागेवर आला तर "झाला". नाही आला तर "काटा बरोबर हाय, प्रेशर चुकतंय". आणि पगार त्याला माझ्याहून जास्त. थोडाथोडका नाही, दीडपट.

मी बी.एस्सी. झालेला, फिजिक्स घेऊन. पालघरच्या कॉलेजात रोज सायकल मारत जाऊन. आमच्या घराण्यात माझ्या आधी कॉलेजचं गेट कोणी ओलांडलं नव्हतं. माझं पदवीचं प्रमाणपत्र आमच्या आप्पांनी देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलं होतं, आणि गुरुवारी दत्ताला हार घालताना एखादं फूल तिकडेही खोचायचे. तो आयटीआय. त्याचं प्रमाणपत्र कुठे होतं ते त्यालाही माहीत नव्हतं. "असंल आईच्या पेटीत, जाळ्याच्या खाली," म्हणायचा.

सगळे त्याला नाखवा म्हणत. नाखवा म्हणजे होडीचा धनी. त्यांच्या घरी होडी होती, पण ती काकाची, आणि हा त्या होडीत चढला की ओकायचा. कोळ्याच्या पोटी जन्माला येऊन याला होडी लागायची. शेवटी बापानं कंटाळून आयटीआयला घातलं. दुसऱ्या कोणी ही गोष्ट झाकली असती. हा नव्या माणसाला ओळख म्हणून तीच सांगायचा. "मी दर्यात ओकलो, दर्यानं मला एमआयडीसीत ओकला." ऐकणारा हसायचा आणि त्याचा होऊन जायचा. मी माझी ओळख 'बी.एस्सी. फिजिक्स' अशी करून द्यायचो. "अच्छा, अच्छा," एवढंच म्हणायचे लोक.

मला तो 'बीएस्सी' अशीच हाक मारायचा. "काय बीएस्सी, झाला का पगार?" त्यात टोमणा होता की नव्हता हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

पगार हा शब्द आमच्याकडे खाली मान घालून बोलायचा. त्याला ते ठाऊकच नव्हतं. माणूस भेटला की दुसरं वाक्य हे: "किती देतात?" बँकेच्या कॅशियरला विचारायचा, स्टेशनातल्या तिकीट तपासनिसाला विचारायचा. कंपनीच्या पूजेला आलेल्या भटजींना त्यानं संकल्प सोडायच्या आत विचारलं होतं. एकदा कंपनीचे डॉक्टर त्याच्या छातीला नळी लावून म्हणाले, "मोठा श्वास घ्या." हा म्हणाला, "घेतो. कंपनी तुमाला महिन्याचं काय देते?" डॉक्टरांनी सांगितलं. यात मला काय झोंबायचं, तर लोक त्याला सांगायचे. मी एकदा, फार आडून, शेजारच्या खात्यातल्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "चाललंय आपलं." त्याच माणसानं नाखव्याला कापलेल्या फंडासकट सगळं सांगितलं होतं.

त्यामुळे अख्ख्या एमआयडीसीत कुठे काय दर चाललाय हे त्याला तोंडपाठ. आणि जे कोणी सांगत नसे ते तो बघून ओळखायचा. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर तो बोईसरहून येणाऱ्या शिफ्टच्या बसेसकडे तोंड करून उभा राहायचा. बसमध्ये माणसं उभी दिसली की म्हणायचा, "ह्यांच्याकडं भरती चालू हाय." एखाद्या कंपनीची पोरं एकाच्या जागी दोन वडे खायला लागली की "ओव्हरटाइम सुरू झाला". हाताला निळा रंग लागलेली माणसं एकदम पिवळी दिसू लागली की "माल बदलला, आता फिटर लागणार". हे सगळं मीही बघत होतो. तीच टपरी, तोच चहा. मला त्यात फक्त बस आणि वडे दिसायचे.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. पण कंपन्या मुलाखती शुक्रवारीच ठेवायच्या, कारण दुसऱ्याकडची शिकलेली माणसं त्याच दिवशी मोकळी सापडायची. लोक शुक्रवारी बाजार करतात, सिनेमाला जातात, गावी जातात. नाखवा मुलाखतीला जायचा. नोकरी हवी म्हणून नाही. जायचा. त्याच्याकडे त्यासाठी एक सायरंगी शर्ट होता. तो इस्त्री करून प्लास्टिकच्या पिशवीत खिळ्याला टांगलेला असायचा, आणि खात्यातले निम्मे लोक स्वतःच्या मुलाखतीला तोच मागून न्यायचे. मी नेला नाही. मला माझे शर्ट होते.

मुलाखतीला तो फाइल न्यायचा नाही. जेवणाचा डबा न्यायचा. अॅल्युमिनियमचा, झाकणाला खोक पडलेला, आत भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील. आत गेला की नमस्कार करायचा आणि डबा साहेबाच्या टेबलावर ठेवायचा, मध्यावर. मी त्याला विचारलं होतं, हा काय प्रकार. तो म्हणाला, "डबा बघितला की त्याला कळतं, ह्याची जेवायची सोय हाय. ह्याला घाई नाय."

"आणि मग?"

"मग गप बसायचं."

"म्हणजे?"

"टोपलीवरचं फडकं आपण काढायचं, बीएस्सी. तोंड त्यानं उघडायचं."

हे तो आईकडून शिकला होता. त्यांच्या बंदरावर होड्या लागल्या की घेणारे व्यापारी येत, आणि बायका टोपल्या झाकून बसत. पहिली टोपली विकायचा मान नाखव्याच्या आईचा. ती भाव सांगायची नाही. फडकं बाजूला करायची आणि समुद्राकडे बघत बसायची. व्यापारी बोलायचा, चढायचा, चिडायचा, निघून जायचा, परत यायचा. तिचं समाधान झालं की ती मान हलवायची. भाव फुटला. मग बाकीच्या फडकी काढायच्या, आणि त्या दिवशी त्याच्या खाली कोणी विकायची नाही.

आमच्याकडची रीत वेगळी. आमची केळवा-माहीमकडे पानवेल. खायची पानं खुडायची, करंड्यांत भरायची, स्टेशनवर गाडीत चढवायची. माल लांबच्या मंडईत जायचा, तिथला दलाल तो विकायचा आणि काही दिवसांनी त्याची पट्टी यायची: इतका माल, हा भाव, हे कापलं, हे उरलं. आप्पांनी त्या दलालाचं तोंड जन्मात बघितलं नव्हतं. पट्टी आली की ते ती कपाळाला लावायचे, मग वाचायचे. कमी आली तर म्हणायचे, "तिकडं मालच जास्त आला असेल." आपण चांगला माल पाठवावा, देणारा बरोबर देतो, अशी आमच्या घरातली समजूत. मी त्याच घरातला. दरवर्षी पगारवाढीचं पाकीट आलं की मी ते आधी डोळ्यांना लावायचो. हसू नका, तुमच्याही घरात कोणी असेल.

नाखव्याची पगारवाढ अशी व्हायची. शुक्रवारी मुलाखत. शनिवारी सकाळी आमच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन म्हणायचा, "साहेब, काल त्या रंगाच्या कंपनीत गेलो व्हतो." आणि उभा राहायचा. पुढे काही नाही. मॅनेजर म्हणायचे, "बस. चहा घे." चहा संपेपर्यंत पगार वाढलेला असायचा. एकदा मीही मनाचा हिय्या करून गेलो. म्हटलं, "साहेब, माझ्या पगाराचं जरा..." ते खुर्चीतून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, तू शिकलेला माणूस. तुला काय सांगायला लागतं? आमचं लक्ष आहे तुझ्यावर." मी खूश होऊन बाहेर आलो. टेबलाशी येऊन बसल्यावर लक्षात आलं की हातात काही नाही.

आता यात सगळ्यात वाईट भाग सांगतो. त्याची आई मासे विकायला आमच्या गावात यायची.

मी बेटेगावला खोली घेऊन राहायचो आणि सुट्टीला घरी जायचो. शुक्रवारी सकाळी ही आमच्या ओटीवर टोपली उतरवायची. धिप्पाड बाई, आवाज बंदरापासून डोंगरापर्यंत. आमच्या आप्पांना पापलेट दाखवता दाखवता म्हणायची, "माझे पोराला परत वाढवून दिला, आप्पा. आता इतका झाला." आणि आकडा सांगायची, शेजारच्या तीन वाड्यांना ऐकू जाईल असा. आप्पा ऐकून घ्यायचे. पापलेटाचा कल्ला उचलून बघायचे. मग साधेपणानं माझ्याकडे वळून विचारायचे, "मग बी.एस्सी.ला काय देतात?"

मी म्हणायचो, "होईल."

"व्हईल, व्हईल," ती म्हणायची. "शिकलेल्याला टाइम लागतो."

दर वाढीला हे व्हायचं. त्याला वाढ मिळाली की मला आधी कंपनीत कळायचं नाही, ओटीवर कळायचं. मला गाडी नको होती, बंगला नको होता. एकच हवं होतं. आप्पांना त्या बाईसमोर मोठ्यानं सांगता येईल असा एक आकडा.

मग कॉम्प्युटर आला. म्हणजे तो यायच्या आधी त्याची भरती आली. एमआयडीसीच्या पार त्या टोकाला धाग्याची एक मोठी कंपनी उभी राहत होती, आणि तिथे सगळा प्लांट पडद्यावर चालणार, व्हॉल्व्ह फिरवायला माणूस जाणारच नाही, अशी बातमी होती. असं काम येणारी माणसं बोईसरात होती कुठे? तेव्हा ज्यानं कॉम्प्युटरवरची धूळ पुसली तो ऑपरेटर, आणि ज्यानं त्याचं बटण दाबलं तो इंजिनिअर, असे दिवस. बाजारात पिठाच्या गिरणीच्या वर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. चपला बाहेर, मशीनवर मखमली आच्छादन, आणि कितीही झाकलं तरी बटणांवर पिठाची साय. शिकवणाऱ्या मास्तरांनाच महिन्या-दोन महिन्यांत कुठली तरी कंपनी उचलून न्यायची आणि आम्ही पुन्हा पहिल्या धड्यावर. तरी मी चिकाटीनं पुरा केला. त्याचंही प्रमाणपत्र आप्पांनी लावलं. नाखवा एकदा माझ्याबरोबर वर आला, हिरव्या अक्षरांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्याला टकटक कुठं करायची?"

धाग्याच्या कंपनीची मुलाखत शुक्रवारी होती. मी नवी पँट शिवली होती. पत्र्याची शेड, बाहेर बाकडी, जनरेटरची घरघर. पालघर, डहाणू, थेट वापीहून आलेली माणसं बसलेली. कोपऱ्यात सायरंगी शर्ट घालून नाखवा, मांडीवर डबा.

"तू कशाला आलास?" मी म्हटलं. "तुला येतं का यातलं काही?"

"नाय."

"मग?"

"शुक्रवार हाय ना."

यादीत पहिलं नाव दुसऱ्याच एकाचं होतं. नाखव्यानं त्याच्याशी काय बोलणं केलं कोण जाणे, पिशवीतून कागदात बांधलेले बोंबील दिले आणि त्याच्या जागी स्वतः आत गेला. इथेही याला पहिलंच जायचं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. यादी म्हणजे यादी. पण बाकी कोणी ब्र काढला नाही, उलट सगळे हसत होते. नाखव्याला सगळं माफ.

बराच वेळ तो आत होता. बाहेर आला तेव्हा घामेजला होता. माझ्याजवळ वाकून म्हणाला, "आता जा. इचारलं तर बोलू नको. गप बस नुस्ता. तुला येतंय सगळं, तुला बोलायची गरज काय?"

माझा नंबर आला तोवर आत बोंबलांचा वास भरून राहिला होता. टाय सैल केलेले मुंबईचे एक साहेब आणि शेजारी पर्सोनेलचा माणूस. त्यांनी कामाचं विचारलं. मी एकही उत्तर चुकलो नाही. पडद्यावरचं बोललो, व्हॉल्व्हचं बोललो, गेज कसा ताडायचा ते कागदावर काढून दाखवलं. साहेब खूश झाल्याचं मला दिसत होतं. मग ते मागे टेकले. "कितना एक्सपेक्ट करते हो?"

नाखव्याचं सांगणं मला आठवलं. त्याचं होतं म्हणूनच मी ते पाळणार नव्हतो. माझ्या पदवीला बोंबीलवाल्याची युक्ती लागत नाही.

"सर," मी म्हटलं, "जो आपको योग्य लगे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. साहेब हसले. म्हणाले, "चलो, एक तो शरीफ आदमी आया." आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

पत्र आलं ते गावच्या पत्त्यावर. आप्पांनी आधी कपाळाला लावलं. पगार वाचून मी पुन्हा वाचला. मला जुन्या ठिकाणी मिळत होता त्याच्या दुप्पट, आणि नाखव्याच्याही वर. बी.एस्सी. फिजिक्स. शेवटी कोणाला तरी कळलं होतं.

पुढच्या शुक्रवारी आप्पा धुतलेलं धोतर नेसून ओटीवर येऊन बसले. टोपली उतरली. तिनं काही सांगायच्या आत आप्पा म्हणाले, "मावशी, बी.एस्सी.ला आता इतका." आणि आकडा सांगितला. आप्पांचा आवाज एवढा चढतो हे मला त्या दिवशी कळलं.

तिनं कमरेवर हात ठेवला. विचार केला. "धाग्याचे कंपनीत का?"

"तिथंच."

"हां, मग बरोबर. माझे पोराचे भावातून थोडा कापून दिला तुमाला."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"म्हणजे काय? त्यो नाय का पयला गेलेला आत. तोंड शिवून बसला. साहेब बोलला, ह्यो गप. साहेब चढला, ह्यो गप. अजून चढला. शेवटाला साहेब बोलला, ह्याचे पुढं कंपनी नाय जाणार. तवा ह्यानं मान हलवली, डबा उचलला न् आला. घेतली नाय नोकरी, पण भाव फुटला का नाय?" तिनं पापलेट उलटं करून दाखवलं. "बाकीचे बी गपच बसले, समद्यांना तेवढा दिला म्हणं. तुमाला कमी का दिला? काय बोललास काय तू आत?"

मी काय बोललो होतो ते मी तिला सांगितलं नाही. आप्पा मात्र गडबडले नाहीत. "कापतातच," ते समाधानानं म्हणाले. "पट्टीत कापतातच."

शनिवारी कामावर मी नाखव्याला गाठलं. तो टकटक करत होता.

"तू माझ्यासाठी गेलास आत?"

"तुझ्यासाठी?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "मला काय म्हाईत तू येणार हायस."

"मग नोकरी का नाही घेतलीस?"

"एसीत मला सर्दी होते. आणि ते हिरवं कोण बघणार दिवसभर?" गेज त्यानं कानाशी धरला. "मी बोललो व्हतो ना तुला, गप बस म्हणून. बोललास ना?"

त्यानं उपकार केले असते तर बरं झालं असतं. उपकार फेडता येतात, निदान नाकारता येतात. त्यानं माझ्यासाठी काहीच केलं नव्हतं. तो दर शुक्रवारसारखा गेला होता, फडकं काढून बसला होता. तिथे बसलेल्या प्रत्येकाला त्याचा भाव मिळाला, आणि सगळ्यांत कमी, त्या सगळ्यांत हुशार असलेल्या मला. त्या गार खोलीतल्या खुर्चीवर मी माझ्या पदवीनं बसलो, त्याबद्दल वाद नाही. पगार मात्र त्याचा होता. दर महिन्याला सही करताना मला बोंबलांचा वास यायचा.

मधली वर्षं गेली. मी त्या कंपनीत चढत गेलो, कंट्रोल रूमचा प्रमुख झालो. टपरीवर नाखवा दिसायचा, हात करायचा, मीही करायचो. पोरं त्याच्याभोवती असायची. कुठे जावं, कुठे जाऊ नये, काय देतात. माझ्या हाताखाली शिकलेली पोरंसुद्धा. कॉम्प्युटर मी शिकवायचो आणि त्याचं मोल विचारायला ती तिकडे जायची.

नव्वदच्या पुढे वारं फिरलं. कर माफ म्हणून कंपन्या दमण-सिल्वासाकडे निघाल्या. डिप्लोमावाली पोरं घरटी एक झाली, कॉम्प्युटरचा कागद तर चहावाल्याकडेही निघायचा. भरती आता कंपनीच्या नावावर होत नसे, कंत्राटदाराच्या नावावर व्हायची. एका जागेला रांग लागायची, आणि रांग बघितली की दर आपोआप खाली बसायचा. आमची जुनी केमिकल कंपनी बंद पडली. गेटला साखळी, आत गुडघाभर गवत. नाखवा तेव्हा पन्नाशीकडे आलेला. आई म्हातारी झाली, टोपली सुटली. कोणी म्हणायचं तो हल्ली काकाच्या होडीचं इंजिन बघतो, किनाऱ्यावरूनच.

अशातच आमच्याकडे कंट्रोल रूमला पोरं घ्यायची होती. मुलाखती मी घ्यायच्या, असं ठरलं. कंपनीच्या शेठनी बोलावून सांगितलं, "पोरं खूप आहेत. खालून सुरू करा. वर इथपर्यंत जायला हरकत नाही, पण ती वेळ येऊ देऊ नका." खालचा आकडा असा होता की मला तो बोलताना लाज वाटली असती. पण बोलणार होतो. शेठचं मीठ खातो.

शुक्रवार होता. माझ्या शेजारी पर्सोनेलचा नवा मुलगा. शिपायानं पहिल्याला आत सोडलं.

सायरंगी शर्ट. कॉलर उलटवून शिवलेली. त्यानं नमस्कार केला, माझ्या टेबलाच्या मध्यावर डबा ठेवला आणि बसला.

"काय बीएस्सी," तो म्हणाला. तेवढंच.

पर्सोनेलचा मुलगा म्हणाला, "सर, यांचं नाव यादीत पहिलं नाहीये." मी म्हटलं, "राहू दे."

मग मी ठरवलं की बोलायचं नाही. या माणसाची सगळी विद्या मला आता ठाऊक होती. त्याला नोकरीची गरज होती, हे त्याची कॉलर सांगत होती. मला कशाची नव्हती. आयुष्यात एकदा तरी हा माझ्यासमोर तोंड उघडेल, असं म्हणून मी मागे टेकून बसलो, मुंबईचे ते साहेब टेकले होते तसा.

तो बसला. मी बसलो. एसीचं पाणी बाहेर बादलीत पडत होतं. चहा आला, त्याच्यावर साय धरली. पर्सोनेलचा मुलगा खोकला, त्यानं माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक बाद झालेला जुना गेज ठेवलेला होता. नाखव्यानं तो बघितला. हात लांब करून बोटाच्या पेरानं टकटक केली. काटा हलला नाही. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, शांतपणे, समुद्राकडे बघावं तसं. तो असा बसला होता की खुर्ची त्याची आहे आणि मुलाखतीला मी आलोय.

आणि मुलाखतीला आलेला माणूस बोलला. मी खालचा आकडा सांगितला.

तो गप्प.

मी चढलो. पर्सोनेलचा मुलगा दचकून बघायला लागला. नाखवा गप्प. मी अजून चढलो. शेठनी ज्याच्यावर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं तिथे येऊन थांबलो आणि म्हटलं, "याच्या पुढे कंपनी नाही जाणार. खरंच नाही."

त्यानं मान हलवली. डबा उचलला. उठला.

"अरे, मग कधीपासून येतोस?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच लागला, इतका तो मागणाऱ्याचा होता. "तुझी कंपनी बंद आहे. ये ना इथे. मी आहे."

"मला येतो का कॉम्प्युटर?" तो म्हणाला. दारापर्यंत गेला, वळला. "तू चांगला शिकवतोस म्हणतात पोरं. बरं हाय."

दार उघडलं तेव्हा मला बाहेरची बाकडी दिसली. तिथे बसलेली सगळी पोरं त्याला बघून उठून उभी राहिली. मी सकाळी त्यांच्यासमोरून आत आलो होतो तेव्हाही ती उठली होती. पण ते उठणं वेगळं. मला फरक कळतो.

दुसरा उमेदवार आत आला. डहाणूकडचा, कोवळा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. नमस्कार केला आणि टेबलाच्या मध्यावर डबा ठेवला. अॅल्युमिनियमचा, झाकणाला खोक पडलेला. बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि तोंड मिटून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या पुढचा आला, त्याच्याही हातात तोच डबा. संध्याकाळपर्यंत तो डबा आत येत राहिला, मी वरचा आकडा सांगत राहिलो आणि डबा बाहेर जात राहिला.

कितीतरी पोरं मी कंट्रोल रूममध्ये शिकवून तयार केली. माझ्यासारखं बसायला त्यांतला एकही शिकला नाही.